मेणाचा राजा आणि अर्ध्या पाण्याची थाळी

एका राज्यात पाहुण्याला पाणी द्यायचं ते काठोकाठ भरूनच, अशी रीत होती. पेला जरा उणा राहिला की सोयरिकी मोडत. तिथला राजा धवलसेन भारी हौशी. त्याने बागेत संगमरवरी हौद बांधला, खोल आणि गुळगुळीत काठांचा. तहानलेल्या मधमाश्या तिथे येत, घसरत आणि बुडून मरत. मधमाश्यांची राणी होती मायाविनी. ती म्हणाली, "राजा, तू मेणाचा होशील. माझ्या लेकी तुझ्या दारी पाणी पिऊन सुखरूप परततील, तेव्हाच सुटशील."

झालं! सिंहासनावर मेणाचा राजा. त्यात चैत्र तापू लागला. राणी कनकवेला दिवसभर वारा घाली, तरी राजाची करंगळी वितळून गळालीच. असा थेंबाथेंबाने नवरा जाताना कुणाला बघवेल हो?

तिने बागेत सोन्याचं घंगाळ मांडलं, रीतीप्रमाणे काठोकाठ. माश्या आल्या नि बुडाल्या. मग चांदीची परात मांडली, तीही काठोकाठ आणि भर उन्हात. पाण्याला असा चटका की एक माशी टेकेना. इकडे राजाचा कान ओघळला.

राणी परातीपाशी बसून रडू लागली. तेव्हा डाळिंबावरची साळुंकी बोलली, "महाराणी, एवढ्याशा पाहुण्यांना मान नको. पाय टेकायला जागा हवी."

"मग काठोकाठ कसं भरू?"

"भरू नका."

राणीने मातीची पसरट थाळी घेतली, फुलांजवळ सावलीत ठेवली, तीत नदीतले गोटे रचले आणि गोटे निम्मे उघडे राहतील एवढंच पाणी ओतलं. प्रधान कासावीस झाला. "राणीसाहेब, अर्धं पाणी? राज्याची अब्रू जाईल."

"जाऊ द्या. राजा राहिला पाहिजे."

एक माशी आली. गोट्यावर बसली, पोटभर प्याली, उडाली. मागून सारं मोहोळ आलं, प्यालं आणि सुखरूप परतलं.

राणी धावत महालात गेली. राजाला कान होता, करंगळी होती, आणि तो ढसाढसा रडत होता.

"कनकवेला, त्या बुडताना मी पाहत उभा असायचो. एक काडीसुद्धा टाकली नाही."

राणीने त्याचे डोळे पुसले. म्हणाली, "उठावं आता. ऊन चढलंय, थाळी सुकेल."

पुढे हौदात दगडांची उतरण झाली, बाग पुन्हा गुणगुणू लागली. पण थाळीत पाणी घालायची घागर राजाने दुसऱ्या कुणाला कधी उचलू दिली नाही.