चिठ्ठीवरचे दोन ठिपके

फार पूर्वी पाच डोंगर होते, आणि त्या पाचांवर मिळून एक खेळ चालायचा. डोंगर आजही आहेत. खेळ नाही. तो का नाही, तेवढंच सांगायचं आहे.

या डोंगरांमधल्या दऱ्या इतक्या खोल होत्या, की एकावरून दुसऱ्यावर पायी जायचं तर दोन दिवस मोडायचे. म्हणून मधल्या डोंगरापासून बाकीच्या चार डोंगरांपर्यंत लोकांनी दोर ताणले होते. दोरावरून टोपली सरकायची आणि ती पोचली की टोकाची घंटा वाजायची. मीठ, औषध, निरोप असं सगळं टोपलीतून जायचं. माणसं मात्र एकमेकांना कधी दिसत नसत.

मधल्या डोंगरावर, चारही दोर जिथे बांधले होते त्या ओसरीच्या घरात, एक विणकरीण राहायची. दिवसभर मागावर बसून लुगडी विणायची. धोटा इकडून तिकडे फेकताना तिच्या डोक्यात गोष्टी चालायच्या, आणि ऐकायला कोणी नसायचं. एका थंडीत तिने चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि चार टोपल्यांत टाकल्या. "समजा, समुद्राकाठी एक नगर आहे. वेस बंद व्हायला आली आहे. तुम्ही वेशीपाशी उभे आहात. तुम्ही कोण आहात?"

आठवडाभरात नऊ उत्तरं आली. जन्मात खोटं न बोललेल्या वैद्याने लिहिलं, "मी चोर." मेंढरांमागे हिंडून पायांना भेगा पडलेल्या धनगरिणीने लिहिलं, "मी राणी. मला कुठेही चालत जावं लागत नाही." शेवटच्या डोंगरावर एक म्हातारा बुरूड होता. दोरांवरून धावणाऱ्या सगळ्या टोपल्या त्याच्याच हातच्या. तो स्वतः कड्यावरून पडून अधू झाला होता आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. त्याने लिहिलं, "मी खलाशी. आत्ताच निघालोय. लांब जाणार आहे. परत येईन तेव्हा बंदरावर कोणीतरी दिवटी धरून उभं राहा."

ते वाचून विणकरिणीला भरून आलं. ती स्वतः कोण होणार हे तिने ठरवलंच नव्हतं, ते त्या चिठ्ठीने ठरवलं. ती दिवटीवाली झाली. रोज बंदरावर दिवटी पेटवणारी, थोडी तोंडाळ, सगळ्यांची चेष्टा करणारी पोर.

असा खेळ सुरू झाला. ज्याने त्याने आपलं सोंग घ्यायचं, ते सोंग आज काय करतं, काय बोलतं, ते चिठ्ठीत लिहायचं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या मिळून एक गोष्ट व्हायची. नगराचं नाव काय ठेवायचं यावर मात्र एकमत होईना, म्हणून ते अमुकनगरच राहिलं.

पहिल्याच वर्षी भांडण झालं. चोराने लिहिलं, की मी झोपलेल्या राणीचा मुकुट पळवला. राणीने लिहिलं, मी जागीच होते. चार दिवस घंटा घणघणत राहिल्या. शेवटी सगळ्यांनी ठरवलं, की ताई सांगतील ते खरं. विणकरिणीला सगळे ताईच म्हणायचे. ताईंनी चिठ्ठीवर कुंकवाचा ठिपका दिला, की ते अमुकनगरात घडलं. ठिपका नाही तर घडलं नाही. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, त्याने भांडण मिटलं.

तिसऱ्या वर्षापर्यंत नवाचे चाळीस झाले. चाळीस जणांच्या चिठ्ठ्या विणकरीण वाचायची, मागच्या गोष्टीशी ताडून बघायची, ठिपका द्यायची आणि चारी डोंगरांवर फिरवायची. त्याखेरीज तक्रारी यायच्या त्या वेगळ्या. अमक्याचा चोर फार बोलतो. तमक्याने माझ्या सोंगाला म्हातारी म्हटलं. नवीन आलेल्याला कोणी विचारत नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या खाली एकच ओळ असायची, "ताई, तुम्हीच बघा." आणि प्रत्येकीला तिचं एकच उत्तर जायचं, "राहू द्या, मी बघते."

लोक तिचं कौतुक करायचे, त्यात काडीचं खोटं नव्हतं. संक्रांतीला चारी टोपल्यांतून तिळगूळ यायचा. पण कौतुकानेही घंटा वाजायचीच. जेवायला बसली की वाजायची, डोळा लागला की वाजायची. माग बंद पडला. अर्धं विणलेलं लुगडं मागावर तसंच राहिलं, त्याच्या काठाचा रंग उडाला. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, पण बंदरावरची दिवटीवाली गेल्या दोन वर्षांत एक शब्दही बोलली नव्हती. बाकी चाळीस सोंगं चालवता चालवता तिचं स्वतःचं सोंग मागे पडलं होतं.

ताई दमल्यात हे लक्षात आलं ते वैद्याच्या, तेही अक्षरावरून. त्याने कळवलं, "ताई, तुमचा हात थरथरतोय. थोडं काम आमच्याकडे द्या. तुमच्यावाचून अडतं म्हणून सगळं तुम्हीच करायचं असं नाही."

"राहू द्या, मी बघते," तिने उत्तर पाठवलं.

वैद्य चिवट होता. तीनदा लिहिल्यावर ती कशीबशी कबूल झाली. राजवाड्यात घडणाऱ्या गोष्टींच्या चिठ्ठ्यांवर धनगरिणीने ठिपका द्यायचा, असं ठरलं. धनगरिणीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. पहिल्या दिवशी तिने बारा चिठ्ठ्या प्रत्येकी तीनदा वाचल्या, हात धुऊन कुंकू कालवलं, जपून ठिपके दिले आणि टोपली सोडली. पुढे वाटायच्या त्या चिठ्ठ्या मधल्या डोंगरावरूनच जायच्या.

विणकरिणीने त्या सहज म्हणून उघडल्या. निर्णय बरोबर होते. म्हणजे बरेचसे बरोबर होते. एका ठिकाणी तिने स्वतः वेगळं ठरवलं असतं. ठिपका जरा डावीकडे पडला होता. तिने करंडा उघडला आणि प्रत्येक चिठ्ठीवर, धनगरिणीच्या ठिपक्याशेजारी, आपला एक ठिपका दिला. लोकांना खात्री वाटावी एवढाच तिचा हेतू होता. मनात दुसरं काही नव्हतं.

चिठ्ठ्या फिरून धनगरिणीकडे आल्या. बाराच्या बारा चिठ्ठ्यांवर दोन दोन ठिपके. तिने ते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून राजवाड्याच्या चिठ्ठ्या ठिपक्याविना मधल्या डोंगरावर येऊ लागल्या. "मला काही जमत नाही ताई, तुम्हीच बघा," एवढा एक निरोप आला. विणकरिणीला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

त्यानंतर कोणी मदत विचारली नाही. वैद्यानेही नाही.

पाचव्या वर्षी दोघा खेळाडूंचं भांडण जुंपलं, ते अमुकनगरात त्या दिवशी ऊन होतं की ढग, यावरून. एका सकाळीत अकरा चिठ्ठ्या आल्या. त्याच टोपलीत तळाशी बुरुडाची चिठ्ठी होती. पाच वर्षं त्याचा खलाशी समुद्रात होता. जिथे तो स्वतः कधी जाणार नव्हता अशी सगळी बेटं बुरुडाने त्याला दाखवली होती. आता त्याने लिहिलं होतं, "खलाशाला घर दिसतंय. पोरी, ठिपका दे आणि दिवटीवालीला सांग, तिच्यासाठी शंख आणलाय. दिवटी पेटली की बोट लावतो. तिला काय म्हणायचंय ते ऐकायची घाई झालीय."

विणकरिणीने लेखणी घेतली. दिवटीवाली काय म्हणेल? ती चिडवायची कशी, हसायची कशी? तिने डोळे मिटले. काहीच ऐकू आलं नाही. जी पोर एकेकाळी तिच्या डोक्यात न विचारता बडबडायची, तिचा आवाजच तिला आठवेना. चाळीस जणांचे आवाज होते, तिचा एकटीचा नव्हता. विणकरीण घाबरली. तिने चिठ्ठी खाली ठेवली. तेवढ्यात घंटा वाजली. ढगाबद्दलची बारावी चिठ्ठी असावी. तिने ती उघडलीच नाही.

तिने चारी घंटांचे लोलक काढून कोनाड्यात ठेवले, दाराला कुलूप लावलं आणि ती खाली सपाटीवर बहिणीच्या गावी निघून गेली. मीठ-औषधाच्या टोपल्या मधल्या डोंगरावरच्या दुसऱ्या लोकांनी पुढे ढकलल्या. चिठ्ठ्या ओसरीवर साचत राहिल्या.

बाकीचे चार डोंगर वाट बघत बसले. पहिल्या आठवड्यात सगळे म्हणाले, ताई आजारी असतील. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, कोणीतरी बघायला गेलं असेल. दोन महिन्यांनी वैद्य दोन दिवस चालून आला, त्याला कुलूप दिसलं आणि तो परत गेला. कागद सगळ्यांकडे होता, शाई होती, गोष्ट तोंडपाठ होती. कुंकू तर घराघरात होतं. पण ठिपका द्यायला कोणाचं बोट उचललं गेलं नाही. अशा तऱ्हेने चाळीस माणसांचं नगर एका कुलपाने बंद झालं.

चार वर्षं गेली. सपाटीवरच्या बाजारात विणकरीण लुगडी विकायला बसायची. तिचा माग पुन्हा चालू झाला होता, हात थरथरत नव्हता. एके दिवशी लोकर विकायला आलेली एक बाई तिच्यापुढे थांबली. पाच-सहा लुगडी उलगडून पाहिली, एक घेतलं, आणि बाकीच्यांच्या घड्या घालायला लागली.

"राहू द्या, मी बघते," विणकरीण म्हणाली.

त्या बाईचे हात थांबले. हे शब्द तिने कानाने कधी ऐकले नव्हते, पण हजार वेळा वाचले होते.

"तुम्ही ताई का?" तिने विचारलं.

विणकरिणीने मान वर केली. समोरच्या बाईच्या पायांना भेगा होत्या.

"राणी?" ती म्हणाली.

दोघी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. मग धनगरिणीने कमरेची चंची सोडली, तिच्यातून एक जुनी चिठ्ठी काढली आणि लुगड्यांवर ठेवली. चिठ्ठीवर दोन ठिपके होते.

"पहिला माझा," ती म्हणाली.

विणकरिणीने चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. "चांगला होता की ग. बरोबरच होता."

"मग दुसरा का दिलात?"

विणकरिणीने दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "सवय होती," ती म्हणाली. "सगळं माझ्या हाताखालून गेलं की मला बरं वाटायचं. त्याच हाताने मी खेळ मोडला."

"एकट्या तुम्ही नाही मोडला," धनगरीण म्हणाली. "मलाही राग आला होता. एकदा हात झटकला तो झटकलाच. तुम्ही बघाल, बघाल म्हणत आम्ही चाळीस जण आरामात बसलो. तुम्ही दमला असाल हे मनात यायचं, पण मनातच राहायचं."

मग विणकरिणीने विचारलं. ते विचारायची तिला चार वर्षं भीती वाटत होती. "आणि खलाशी? त्याची बोट?"

"बुरूडकाका गेल्या वर्षी गेले," धनगरीण म्हणाली. "बोट लागली नाही. वर्षभर दर आठवड्याला एक चिठ्ठी तुमच्या ओसरीवर यायची त्यांची, टोपल्या ढकलणारे आम्हाला कळवायचे. दिवटी दिसत नाही, थांबलोय. दिवटी दिसत नाही, थांबलोय. मग चिठ्ठ्या बंद झाल्या."

"अगं, तुमच्यापैकी कोणीतरी दिवटी लावायची होतीत. लिहायच्या होत्यात चार ओळी. तू राणी होतीस ना?"

"आमचा ठिपका चालला असता का, ताई?"

बाजार चालू होता, लोक लुगड्यांना हात लावून पुढे जात होते. विणकरिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मग तिने शेजारच्या दुकानातून कागद मागून घेतला. आता तो कोणाकडे जाणार नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं. तरी तिने लिहिलं. दिवटीवालीचा आवाज लगेच आला नाही. अडखळत, एकेक शब्द करून आला. "किती उशीर केलास रे म्हाताऱ्या. हात दुखले माझे दिवटी धरून. लाव ती बोट, आणि शंख आण इकडे."

लिहून झाल्यावर तिने कागद धनगरिणीपुढे सरकवला आणि कमरेचा करंडा उघडून तिच्या हातात दिला. धनगरिणीने बोट बुडवलं, जपून ठिपका दिला. तो थोडा डावीकडे पडला.

विणकरिणीचा हात आपसूक उचलला गेला. तिने तो मागे घेतला आणि मांडीवर दाबून धरला.

चिठ्ठीवर एकच ठिपका राहिला. तो पहिल्याच दिवशी असा एकटा राहिला असता, तर एक म्हातारा बंदराला लागला असता.

तात्पर्य: काम वाटून द्यायचं तर त्यातला शेवटचा शब्दही देऊन टाकावा, त्यावर पुन्हा आपला ठिपका देऊ नये. आणि दमलेलं माणूस "राहू द्या, मी बघते" म्हणालं, तर ते ऐकून आपण बसून राहू नये.