घाण्याचा बैल आणि बाजाराचा रस्ता

एका जंगलाच्या कडेला अस्वलाचा तेलघाणा होता आणि त्यावर एक बैल राबत असे. मुलांनो, तुम्ही घाणा पाहिला नसेल. बैलाच्या डोळ्यांना झापडे बांधतात आणि तो दिवसभर घाण्याभोवती गोल फिरतो. असा तो बारा वर्षे फिरला. मग अस्वलाला मधाचा धंदा बरा वाटला. घाणा बंद झाला, बैलाची झापडे सुटली, त्याबरोबर वैरणही सुटली.

चिंचा बाजारात नेणाऱ्या गाड्या कोल्ह्याच्या होत्या. बैल त्याच्या दारी गेला. कोल्ह्याने त्याला गाडीला जुंपून पाहिले. बैलाने जीव लावून ओढले, पण गाडी डावीकडे वळत वळत पुन्हा कोल्ह्याच्याच दाराशी येऊन उभी राहिली. माकडे पोट धरून हसली. "बैलोबा, बाजार घरीच आणलात की," कोल्हा म्हणाला. "सरळ चालायची सवय करून या, मग बघू." आता सवय करायची तर गाडी हवी, आणि गाड्या साऱ्या कोल्ह्याकडे. बैल पुढल्या वर्षी आला, त्याच्याही पुढल्या वर्षी आला. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. इकडे निम्म्या गाड्या दारात उभ्या, आणि कोल्हा सिंहापुढे रडगाणे गात होता, "महाराज, काम पडून आहे, पण ही जनावरे आळशी."

कोल्ह्याच्या गाडीचा म्हातारा रेडा हे ऐकून उसळला. "बारा वर्षे जो थांबला नाही, तो आळशी? त्याचे डोळे कोणी बांधले? तेल कोणाच्या घरी गेले? कोल्होबा, तुम्हीसुद्धा शिकार आईच्या मागे हिंडूनच शिकलात ना? माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. आठ दिवस याला माझ्या जोडीला द्या."

"आणि चिंचा सांडल्या तर?"

"तीन वर्षे झाडाखाली सडताहेत, त्या कोणी सांडल्या?"

सिंहाने पंजाने रिकाम्या जागेकडे खूण केली. कोल्ह्याने मुकाट्याने जू पुढे केले.

बैल डावीकडे ओढू लागला, की रेडा खांद्याने रेटून त्याला रस्त्यावर आणी. सातव्या दिवशी गाडी थेट बाजारात पोचली. बैल थबकला आणि मागे वळून रस्त्याकडे बघत राहिला.

"काही विसरलास का रे?" रेड्याने विचारले.

"नाही," बैल म्हणाला. "चालले की कुठेतरी पोचता येते, हे ठाऊक नव्हते."

तात्पर्य : ज्याला आठ दिवस शिकवायचे जिवावर येते, त्याने कामाला कोणी मिळत नाही अशी तक्रार करू नये, आणि ज्याला जन्मभर एकाच कामाला जुंपले, त्याला दुसरे येत नाही म्हणून आळशी तर मुळीच म्हणू नये.