मैद्याच्या गोळ्याला कान

"पण माई, नूडल्सच्या गोष्टीला पोरं कंटाळतीलच कशी?"

दत्ताराम छाती फुगवून विचारत होता. बोटीवर आचारी होता ना तो! देशोदेशीची बंदरं पालथी घालून मठात आलेला. आता त्याला मठातल्या पोरांचा वर्ग हवा होता.

मठ चालवणाऱ्या भागूमाई म्हणाल्या, "नूडल्स ताटात पडेपर्यंत अंगणातून एकही पोर पळालं नाही, तर वर्ग तुझा. पळालं, तर पुन्हा वर्षभर भांडी घास."

"हात्तिच्या! एवढंच?"

त्यानं चूल पेटवली, मैदा मळला आणि टकळी सुरू केली. कुठल्या देशात गहू, कुठं तांदूळ, कुठं रताळ्याचं पीठ...

बोलता बोलता गोळा ओढला. तटकन तुटला.

पुन्हा ओढला. पुन्हा तुटला.

"चला रे, विटीदांडू!" गोप्या उठलाच.

दत्तारामच्या तोंडचं पाणी पळालं.

माई पुढे झाल्या. गोळ्यावर ओलं फडकं टाकलं. वाकल्या, आणि त्याला डावा कान लावला.

"श्श..."

गोप्या जागीच थबकला.

"काय गं माई?" तानी सरपटत आली. तिनंही कान लावला. डोळे हे एवढाले झाले! "सुर्रर्र करतंय!"

"ते जपान!" दत्ताराम ओरडला. "तिथं नूडल्स अश्शा सुर्रकन ओढतात. कुणी रागवत नाही!"

"सरक, मला!" गोप्यानं मुंडी घुसवली. "आत गरगर फिरतंय कायतरी!"

"इटली! काट्याला गुंडाळून खातात!"

"लांऽब... संपतच नाही!" आणखी एक पोर कान लावून म्हणालं.

"चीन! वाढदिवसाची नूडल. आयुष्य तेवढं लांब व्हावं म्हणून तोडत नाहीत!"

"मला खिरीचा वास येतोय."

"कानाला वास येतो होय रे, ढोल्या?"

"येतोय तर!"

"अरे, त्या आपल्या शेवया!"

तोवर गोळा मुरला होता. दत्तारामनं ओढला. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ... पोरं नुसती किंचाळत होती! नूडल्स उकळल्या, ताटात पडल्या. एकही पोर पळालं नव्हतं.

वर्ग मिळाला. पण दत्तारामनं आपलं ताट बाजूला सारलं. मघाशी त्यानंही हळूच कान लावून पाहिला होता. काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

तो माईंच्या डाव्या कानाशी वाकला.

"माई, खरं सांगा... तुम्हांला आत काय ऐकू आलं?"

माई ताटातल्या नूडल्स गोळा करत राहिल्या.

"माई?..."

माईंनी नूडल सुर्रकन ओढली, मान वळवली आणि म्हणाल्या,

"इकडच्या कानात बोल. तो डावा जन्माचा बहिरा आहे."