टिचकीचा लाल मोजा

एक घर होतं. घरात माणसं पाच आणि उंदरी एक.

आई, बाबा, वेणूताई, राघूदादा आणि निमू. ही झाली माणसं. उंदरीचं नाव टिचकी. ती तांदळाच्या डब्यामागे राहायची. होती अंगठ्याएवढी, पण नाक कायम वर.

त्या घराचा एक नियम होता. आखूड झालं की धाकट्याला द्यायचं. वेणूताईचं राघूदादाला. राघूदादाचं निमूला. निमूचं टिचकीला. आणि एकदा दिलं की दिलं. परत घ्यायचं नाही.

निमू बाळ होता तेव्हाचा एक मोजा होता. लाल लाल, मऊ मऊ. निमूचा पाय मोठा झाला, तसा मोजा टिचकीला मिळाला. तोच तिचा पलंग. तेच तिचं पांघरूण. तेच तिचं घर.

थंडी पडली. एके दिवशी सकाळी टिचकी दाणे वेचायला गेली. तुरतुर तुरतुर. दाणे वेचून परत आली. तुरतुर तुरतुर. बघते तर मोजा नाही.

डब्यामागे नाही. डब्याखाली नाही. डब्यावर तर नाहीच नाही.

टिचकी रडली का? छे. तिने मिशा ताठ केल्या. शेपटी आपटली. फट्.

"मोजा माझा. मी हटायची नाही."

आणि निघाली. तुरतुर तुरतुर.

सतरंजीवर बसला होता निमू. त्याच्या पायाच्या बोटांवर होता लाल मोजा. बोटं झाकलेली, टाच उघडी.

"निमू, निमू, माझा मोजा दे."

"नाही देणार."

"का रे नाही देणार?"

"माझा मोजा फाटला. बोट बाहेर आलं. बोट गार झालं."

"तुझं बोट गार. माझं अख्खं अंग गार."

निमूने पाय पोटाशी घेतला. "दादा मला मोजे देईल, मग मी तुला देईन."

टिचकी निघाली दादाकडे. तुरतुर तुरतुर.

राघूदादा चेंडू खेळत होता. टप्पक टप्पक. त्याच्या मोज्यातून दोन बोटं बाहेर डोकावत होती.

"दादा, दादा, निमूला मोजे दे.
निमू मला मोजा देईना.
मोजा माझा. मी हटायची नाही."

"ए टिचके," दादा म्हणाला, "एवढीशी तू आणि केवढी बडबड."

"एवढीशी आहे म्हणूनच. मोठी असते तर मला बघूनच दिले असतेस."

दादाने चेंडू काखेत धरला. "मी नाही देणार. दिले तर मी काय घालू? ताई मला मोजे देईल, मग मी निमूला देईन."

टिचकी निघाली ताईकडे. तुरतुर तुरतुर.

वेणूताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डोक्यावर पट्टी, हातात पेन्सिल. आपली उंची मोजत होती. चर्र चर्र. नवी रेघ जुन्या रेघेच्या चार बोटं वर गेली होती. मोज्यातून तीन बोटं बाहेर आली होती.

"ताई, ताई, दादाला मोजे दे.
दादा निमूला मोजे देईना.
निमू मला मोजा देईना.
मोजा माझा. मी हटायची नाही."

"अगं, सोडून दे ना," ताई म्हणाली. "एवढासा तर मोजा."

"एवढासा तुला. मला अख्खं घर."

ताईने पट्टी खाली घेतली. मग म्हणाली, "तरी मी नाही देणार. मला वरून कोण देणार? मीच सगळ्यांत मोठी. आई माझ्यासाठी नवे मोजे विणते आहे. आई मला मोजे देईल, मग मी दादाला देईन."

टिचकी निघाली आईकडे. तुरतुर तुरतुर.

आई खिडकीत उन्हाला बसली होती. मांडीवर निळा मोजा. हातात सुया. पण सुया गप्प.

"आई, आई, ताईला मोजे दे.
ताई दादाला मोजे देईना.
दादा निमूला मोजे देईना.
निमू मला मोजा देईना.
मोजा माझा. मी हटायची नाही."

"कसे देऊ, बाळ?" आई म्हणाली. "एक मोजा झाला. दुसऱ्याचं टोक राहिलं. आणि लोकर संपली. तू आपलं हे फडकं घे. छान मऊ आहे."

"फडकं पुसायला असतं. मी काय सांडलेलं दूध आहे?"

आईला हसू आलं. तिने ते पदरात लपवलं. "बरं बाई. बाबा मला लोकर देतील, मग मी ताईला मोजे देईन."

टिचकी निघाली बाबांकडे. तुरतुर तुरतुर.

आता बाबांचं ऐका. बाबांनी काल घर आवरलं होतं. अख्खं घर. कंगवा जपून ठेवला. कात्री जपून ठेवली. चिमटा, चाळणी, निमूची बाहुली, सगळं जपून ठेवलं. घर असं चकाचक झालं, की कोणाला काही म्हणजे काही सापडेना.

बाबा टेबलाखाली शिरले होते. खुडबुड खुडबुड.

"बाबा, बाबा, आईला लोकर द्या.
आई ताईला मोजे देईना.
ताई दादाला मोजे देईना.
दादा निमूला मोजे देईना.
निमू मला मोजा देईना.
मोजा माझा. मी हटायची नाही."

"लोकर ना?" बाबा म्हणाले. "मी जपून ठेवली आहे."

"कुठे?"

"कपाटात."

"मग काढा."

"कपाटाला कुलूप आहे."

"मग किल्ली लावा."

"किल्ली ना? ती पण जपून ठेवली आहे."

"कुठे?"

बाबांनी डोकं खाजवलं. खरखर खरखर. टेबलाखालून बाहेर आले. इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले,

"कपाटात."

खिडकीतून आईने बाबांकडे नुसतं बघितलं.

दार लोटलं की खटकन लागणारं कपाट ते. किल्ली आत. माणसं बाहेर.

"उद्या बघू, टिचके," बाबा म्हणाले. "उद्या माणूस बोलावू."

"उद्याची थंडी उद्या. माझी शेपटी आज गार आहे."

"मग तूच सांग कपाटाला. कपाट मला किल्ली देईल, मग मी आईला लोकर देईन."

टिचकी निघाली कपाटाकडे. तुरतुर तुरतुर.

कपाट होतं उंच. कपाट होतं लोखंडी. टिचकीने मान वर केली, वर केली, इतकी वर केली की ती मागे पडली. धप्. उठली. परत उभी राहिली.

"कपाटा, कपाटा, बाबांना किल्ली दे.
बाबा आईला लोकर देईनात.
आई ताईला मोजे देईना.
ताई दादाला मोजे देईना.
दादा निमूला मोजे देईना.
निमू मला मोजा देईना.
मोजा माझा. मी हटायची नाही."

"नाही देणार," कपाट म्हणालं. आवाज असा, जसा रिकाम्या पिंपात कोणी बोलावं. "किल्ली लावल्याशिवाय मी उघडत नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"अरे, किल्ली तुझ्याच पोटात आहे."

"असेल."

"मग?"

"मग कोणी तरी आत जा. माझ्या दाराखाली फट आहे. बाबा जातील का? अडकतील. आई जाईल का? नाही. ताई, दादा? नाही. निमूचा हातसुद्धा जायचा नाही. एवढ्याशा फटीतून जाणार कोण?"

टिचकीने फट बघितली. मग स्वतःकडे बघितलं.

"मी," ती म्हणाली.

आणि शिरली. सुळुक.

आत अंधार. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. आत आईची साडी, मऊ मऊ. बाबांची शाल, साडीहून मऊ. तिच्यात शिरलं असतं तर टिचकीला ऊब मिळाली असती. पण तिने ढुंकूनही बघितलं नाही. ते तिचं नव्हतं.

वर खुंटीला किल्ली टांगलेली. दोरीने बांधलेली.

"किल्ले, किल्ले, खाली ये.
कपाट बाबांना किल्ली देईना.
बाबा आईला लोकर देईनात.
आई ताईला मोजे देईना.
ताई दादाला मोजे देईना.
दादा निमूला मोजे देईना.
निमू मला मोजा देईना.
मोजा माझा. मी हटायची नाही."

"कशी येऊ?" किल्ली म्हणाली. "दोरी मला सोडेना. दोरीला विचार."

आता टिचकी दोरीला विचारायला गेली का?

मुळीच नाही. झालं तेवढं विचारणं पुरे झालं.

ती साडीवर चढली. साडीला दात लावला नाही. शालीवर चढली. शालीला दात लावला नाही. दोरीला मात्र लावला.

कुरतुड कुरतुड. कुरतुड कुरतुड. तट्.

किल्ली पडली. खळ्ळ.

टिचकीने किल्ली ढकलली. हुश्श. ढकलली. हुश्श. दाराखालच्या फटीतून आधी किल्ली बाहेर आली. मग मिशा आल्या. मग टिचकी आली.

बाहेर सगळे जमले होते. बाबांनी हात पुढे केला. "शाब्बास. दे किल्ली."

टिचकी किल्लीवर चढून बसली.

"मी नाही देणार," ती म्हणाली.

बाबांचा हात तसाच पुढे राहिला.

"का गं?" बाबांनी विचारलं.

"आधी घराचा नियम सांगा. एकदा दिलं की?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने ताईकडे. ताईने दादाकडे. दादाने निमूकडे. निमूने पायाकडे.

"दिलं की दिलं," आई म्हणाली.

"दिलं की दिलं," बाबा, ताई, दादा म्हणाले.

सगळ्यांत शेवटी, अगदी बारीक आवाजात, निमू म्हणाला, "दिलं की दिलं."

टिचकी किल्लीवरून उतरली.

मग काय विचारता.

किल्लीने कपाट उघडलं. कर्र कर्र.
कपाटाने बाबांना लोकर दिली.
बाबांनी आईला लोकर दिली.
आईने टोक विणलं. टिकटिक टिकटिक. ताईला मोजे दिले.
ताईने दादाला मोजे दिले.
दादाने निमूला मोजे दिले.

आणि निमूने?

निमूने दादाचे मोजे घातले. उजव्या पायात एक. डाव्या पायात एक. बोटं आत. टाच आत. पण लाल मोजा हातात घट्ट.

टिचकी त्याच्यासमोर उभी राहिली. सगळं सांगून झालं होतं.

निमूने मोजा एकदा गालाला लावला. मग खाली ठेवला.

"घे," निमू म्हणाला. "तुझा."

"माझाच," टिचकी म्हणाली.

आई म्हणाली, "टिचके, निळी लोकर उरली आहे. तुला नवा विणून देऊ का?"

"नको. मी मागितला तो मिळाला."

टिचकीने मोजा दातात धरला. सरसर सरसर ओढत नेला. तांदळाच्या डब्यामागे नीट पसरला. आत शिरली. डोकं आत. पोट आत. पाय आत.

शेपटी बाहेर.

टिचकीने शेपटी आत ओढली, तर डोकं बाहेर. डोकं आत घेतलं, तर शेपटी बाहेर. घरातली सगळी मुलं वाढत होती. टिचकी काय वाढणार नाही?

"राहू दे बाहेर," टिचकी म्हणाली. शेपटी तिने नाकाभोवती गुंडाळून घेतली.

तेवढ्यात डब्याखालून एक मुंगी आली. तिने मोजा बघितला. बाहेर आलेली शेपटी बघितली.

"टिचकीताई," मुंगी म्हणाली, "आखूड झाला वाटतं."

टिचकीने एक डोळा उघडला. "अजून माझा आहे. मला अगदीच होईनासा झाला, की तुझा."

"नक्की?"

"दिलं की दिलं. पण आधी मी देणार, मग तू घेणार. तोवर तिकडे बस."

मुंगी तिकडे बसली. टिचकीने डोळा मिटला.

मोजा गेला डब्यामागे. गोष्ट गेली मोज्यामागे. तुमचेही पाय पांघरुणात घ्या.