गिधाडांचं आमंत्रण

कड्याखालच्या गावाची रीतच न्यारी. ढोर मेलं की ते पुरायचं नाही, गिधाडांसाठी खडकावर नेऊन ठेवायचं. कड्यावर गिधाडं होती, म्हणून तिथं खाणीला बंदी होती.

एकदा आमदार तात्यासाहेब सुरुंगवाले घेऊनच आले आणि रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "एक तरी गिधाड आहे का इथं? फोडा कडा."

गिधाडांची राखण करणाऱ्या ठकूबाईनं हात जोडले. "साहेब, गिधाडं आमंत्रणाशिवाय येत नाहीत, आणि आज गावात एकही ढोर मेलेलं नाही. तुम्हीच घटकाभर खडकावर आडवे व्हा. फक्त हलू नका."

तात्यासाहेब दचकून मागे सरले. "जिवंतपणी टोचून खातील की मला."

"कोण खाईल, साहेब?" ठकूबाईनं विचारलं.

सुरुंगवाल्यांनी सामान आवरलं.