तेलकट मावली

वसईकडच्या पाणजोळ गावी फादर बस्त्याव राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. गावाची भक्ती आटली होती. फादरांनी जुन्या पडक्या देवळाच्या ढिगाऱ्यातून चारशे वर्षांपूर्वीची लाकडी मावली, म्हणजे देवमातेची मूर्ती, काढून आल्तारावर, वेदीवर ठेवली आणि माणसं पुन्हा गुडघे टेकू लागली.

मुकादम जुजेला मात्र ती नको होती. त्याला विलायतेची रंगीत मावली हवी होती, खाली स्वतःचं नाव कोरलेली. शेवटी बिशपांनी मुंबईहून फोटोवाला धाडला. फोटो पाहून ते ठरवणार होते, जुनी ठेवायची की नाही.

गावातल्या सांतानची बायको कतरीन दर शनिवारी मावलीला खोबरेल चोळायची. उन्हाळ्यात ती तापाने गेली. फोटोवाला येणार म्हणून सांतानने पहाटे मावलीला भरपूर तेल लावलं, चांगली दिसावी म्हणून.

आणि तेच नडलं. लाकूड काळंभोर झालं. फोटोवाल्याच्या फोटो उमटवायच्या काचांवर नुसता अंधार उमटला.

"तुझ्या बायकोने एवढं तेल चोळलं, तिला मावलीने काय दिलं, ते दिसलंच," जुजे म्हणाला. "आता तू मावलीलाही घालव."

एकच काच उरली होती आणि ऊन खिडकीवरून उतरलं होतं.

"कॅमेऱ्याचं झाकण काढा," फादर म्हणाले.

"फादर, अंधारात काय यायचं?"

"तुम्ही काढा. आम्ही माळेवर रोजरीची प्रार्थना म्हणतो."

रोजरी संपली. फोटोवाल्याने काच औषधात धुतली आणि काळ्या कापडावर धरली. मावलीचा चेहरा उजळ आला होता. पापण्यासुद्धा दिसत होत्या. देवळात तर दिवाही नव्हता!

सांतानने ती काच खूप वेळ पाहिली.

"कतरीन तापात होती, तेव्हा हा उजेड कुठे होता, फादर?"

फादर खोटं बोलले नाहीत. "मला माहीत नाही रे," असं म्हणून ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

मावली राहणार, हे जुजेला कळलं. त्याने टोपी काढली. आधी मावलीपुढे वाकला, मग सांतानच्या पायाशी.

"चुकलो, सांतान."

"ऊठ," सांतान म्हणाला. "कतरीन असती तर तुला जेवून जा म्हणाली असती. ती गेल्यापासून माझ्या घरी चूल पेटत नाही."