सातव्या प्रकरणातलं ताट

"सर, मुलांना भीती शिकवायची कशी?"

बागवान सर अंगणात सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बैस आधी. चार शेंगा फोड."

तनुजा घोरपडे खाटेच्या कडेवर टेकली. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती बारावीला इंग्रजी शिकवायची. एके काळी याच सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. पुढं तिनं एम.ए.ला सुवर्णपदक मिळवलं, आणि गेल्या तीन वर्षांत तिच्या विषयात एकही मूल नापास झालेलं नव्हतं. हे ती आपणहून कुणाला सांगत नसे. कुणी विचारील याची वाट मात्र बघत असे.

"यंदा एक जुनी इंग्रजी कादंबरी लागलीय," ती म्हणाली. "दलदलीच्या काठावर दगडी हवेली. तिथली म्हातारी मालकीण बुडून मेलेल्या मुलासाठी रोज संध्याकाळी ताट मांडायला लावते. आणि सकाळी ते ताट रिकामं असतं! सातवं प्रकरण. अंगावर काटा यायला पाहिजे, सर. माझी मुलं जांभया देतात."

"तुझ्या अंगावर आला?"

"मी शिकवते, सर. मला पुढचं सगळं ठाऊक आहे."

"अस्सं."

"मी त्यांना सगळं काढून दिलंय. अशा कादंबरीची सहा लक्षणं. प्रत्येक लक्षणात कोणते शब्द अधोरेखित करायचे, तेसुद्धा."

"सहाच?"

"परीक्षेला चार पुरतात."

सर हसले. हसताना त्यांचे खांदे हलत.

"सुवर्णपदक उगीच देत नाहीत म्हणायचं."

तनुजाही हसली. पण ते हसू तिच्या तोंडावर टिकलं नाही. तिनं एक शेंग उचलली, न फोडताच परत ठेवली.

सर गप्प राहिले. वर्गातही ते असेच गप्प राहायचे. एक पान वाचायचे आणि थांबायचे. मुलांना वाटायचं, सर पुढचं विसरले.

"तू एवढ्यासाठी नाही आलीस," ते म्हणाले.

"नाही."

"मग?"

तनुजानं पर्समधून एक उत्तरपत्रिका काढली. कोपरे मुडपले होते. बरेचदा काढून बरेचदा आत ठेवलेला कागद असतो तशी दिसत होती.

"कोमल बुधावले. माझ्या वर्गातली. चाचणीत याच प्रसंगावर चार गुणांचा प्रश्न होता. हा प्रसंग भीतिदायक का वाटतो? हिला मी शून्य दिलं."

"का?"

"एकही शब्द अधोरेखित नव्हता."

"आणि उत्तर?"

"सर, एकशे ऐंशी पेपर असतात. मी आधी अधोरेखित शब्द बघते."

"आणि मग?"

"...मग बेरीज करते."

या वेळी सर हसले नाहीत.

तनुजा खाली बघत बोलू लागली. पेपर वाटायच्या तासाला तिनं नमुन्यादाखल दोन उत्तरं वाचून दाखवायचं ठरवलं होतं. एक कसं लिहावं ते, एक कसं लिहू नये ते. दुसऱ्यासाठी गठ्ठ्यातून शून्याचा पेपर काढला. नाव घेतलं नाही. पहिली दोन वाक्यं मोठ्यानं वाचली. हा प्रसंग भीतीचा नाही. माझ्या घरी पण आई रोज माझ्या मेलेल्या भावाचं ताट वाढते.

"नाव घ्यायची गरजच नव्हती, सर. सगळ्या वर्गाला माहीत आहे. तिचा भाऊ दोन वर्षांमागं उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. एकटी मीच विसरले होते."

"मग?"

"मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, 'म्हणजे बुधावल्यांच्यात भूत जेवतंय की काय, मॅडम?' वर्ग हसला."

तिनं पेपरचा मुडपलेला कोपरा सरळ केला.

"आणि?"

"मीही हसले, सर."

शेजारच्या घरात कुणीतरी कुकर उतरवला. शिटी बारीक होत गेली.

"कोमलनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वही दप्तरात घातली, चेन लावली, गेली. चार दिवस झाले. काल मैत्रिणीकडून कळवलंय, बारावी पुरे झाली म्हणून. दोन महिन्यांवर बोर्डाची परीक्षा आलीय. हुशार पोर आहे, सर."

"तिचं उत्तर वाच."

"सांगितलं ना, दोन वाक्यं..."

"उत्तर एवढंच आहे?"

"नाही."

"चष्मा आत राहिलाय माझा. तूच वाच. सगळं."

तनुजानं कागद उलगडला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. सवयीनं ती वाचता वाचता क्रियापदं नीट करत गेली.

"तिनं लिहिलंय तसं वाच," सर म्हणाले.

"चुका आहेत, सर."

"असू देत. तिच्या आहेत."

तनुजानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उत्तराचा अर्थ असा होता:

'हा प्रसंग भीतीचा नाही. माझ्या घरी पण आई रोज माझ्या मेलेल्या भावाचं ताट वाढते. सकाळी ताट रिकामं असतं. वडील रात्री उठून ते जेवतात. आईला वाटतं, दादा येऊन जेवून गेला. मला हे माहीत आहे. मला माहीत आहे हे वडिलांना माहीत आहे. आम्ही बोलत नाही. भीती एकच आहे. एखाद्या दिवशी वडिलांना भूक नसली तर.'

शेवटचं वाक्य वाचून तिनं कागद मांडीवर ठेवला.

सरांचे हात थांबले होते.

एक चिमणी सुपाशी आली, एक दाणा उचलून गेली. सरांनी तिला हाकललं नाही.

"लाल शाईनं खाली काय लिहिलंयस?"

"'पाठाबाहेरचं.'"

"वाचून?"

"...न वाचता."

"आणि वर्गात? पुढचं का नाही वाचलंस?"

"नजर खालच्या ओळीवर गेली. वडील रात्री उठून... तिथं तोंडातून शब्दच निघेना. घाम फुटला. भर दुपारी, साठ मुलांसमोर, मी घाबरले, सर. ते मोठ्यानं वाचलं असतं तर?" तिनं ओठ दाबून धरले. "दुसऱ्या दिवशी तिच्या आईच्या कानावर गेलं असतं."

"हूं."

"तीन वर्षं शिकवतेय असली प्रकरणं. कधी काही वाटलं नव्हतं."

सर तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग असेल असं तिला वाटलं होतं. तो नव्हता, आणि त्यानंच तिचे डोळे भरून आले.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ताठ बसली. चुकलं की लगेच खोडून नीट करायची तिची लहानपणापासूनची रीत.

"मी आत्ताच जाते तिच्या घरी. हा पेपर घेऊन. शून्य खोडते, चारपैकी चार देते. माफी मागते. एकटीला गाठून नाही, तिच्या आईवडिलांसमोर मागते. मला कमीपणा नाही वाटणार, सर."

"आईसमोर?"

"हो."

"आई विचारेल, पोरीनं असं काय लिहिलं होतं?"

तनुजानं पर्स खांद्याला लावली.

"...सांगेन काहीतरी."

"माऊली पेपर हातात घेईल. स्वतःला वाचता नाही आला, तर गल्लीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेईल. लेकीला चारपैकी चार मिळालेत म्हटल्यावर."

तनुजा कागदाकडं बघत राहिली. तासाभरापूर्वी तो तिला आपल्या चुकीचा पुरावा वाटत होता. आता तो कुणाच्या तरी घराचं दार वाटायला लागला. उघडं राहिलेलं.

सरांनी हात पुढं केला. तिनं पेपर दिला. त्यांनी त्याच्या सावकाश चार घड्या केल्या, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"हा इथं राहील."

"मग मार्क?"

"तुझ्या वहीत मांड. तिथं कोण विचारतंय?"

"आणि माफी?"

सरांनी पुढची शेंग फोडली.

"नाही गेले तर पोर शिक्षण सोडते," तनुजा म्हणाली. "गेले आणि बोलले तर त्या घरातलं..." ती उठून उभी राहिली, परत बसली, परत उठली. "जायला तर पाहिजेच, सर. आजच जायला पाहिजे. उशीर केला तर ती येणार नाही, मला माहीत आहे ती. पण पेपर न्यायचा नाही. कादंबरीचं नाव काढायचं नाही. माफीचा शब्द काढायचा नाही. मग दारात उभी राहून सांगू काय? कशाला आले म्हणू?"

बागवान सरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"जेवायला आले म्हण."